गोठ्यातलं वायफाय

गोठ्यातलं वायफाय बंद पडल्यापासून चंद्री म्हैस दूध देत नाही, अशी दोधू आप्पांची तक्रार होती. फॉर्मात म्हशीसाठी रकाना नसल्याने वायफायवाल्या नवनीतने 'इतर'वर खूण केली.

चंद्रीला पान्हा फुटायचा तो आप्पांच्या काजलच्या हाकेने. काजल लग्न होऊन बारडोलीला गेली, तेव्हापासून रोज धारेच्या वेळी ती व्हिडिओ कॉलवरून हाक मारायची.

घुशीने कुरतडलेली केबल नवनीतने बदलली, टोकांना नवे कनेक्टर दाबले. गव्हाणीवरच्या राऊटरचा दिवा हिरवा झाला तसा आप्पांनी चहा आणला. कोरा.

"दूध नई का, आप्पा?"

"चंद्री आटी गयी ना भो. दोन महिना व्हई ग्यात."

"मंग हाई वायफाय कसाले?"

"काजलले ठाऊक नई शे," आप्पा हळूच म्हणाले. "समजनं तं ती रोज कसाले फोन करी?"

तेवढ्यात फोन वाजला. आप्पांनी मोबाईल खुंटीला टांगला, म्हशीखाली बसून बादली गुडघ्यांत धरली आणि आडोशाला लपवलेल्या तांब्यातून पाण्याची बारीक धार सोडली. "पान्हा सोड वं माय," काजल पलीकडून चंद्रीला लाडाने म्हणत होती. बादली छान वाजत होती. मग काजलला मागे उभा असलेला नवनीत दिसला.

"आप्पा, त्या भाऊले चहा दिधा का?"

नवनीतने कपावर तळहात ठेवला.

"दिधा ना, ताई. चंद्रीनाच दूधना शे. वर साय बी शे."