हैदराबादचा माल

बन्सीधर हैदराबादच्या गाडीतून पूर्णेला उतरला तेव्हा फलाटावर शेजारचे भगवानराव उभे होते. त्यांनी आधी त्याच्या हातातली पिशवी घेतली, मग सांगितलं. त्याची बायको कमलबाई काल दुपारी गच्चीच्या जिन्यावरून पडल्या आणि गेल्या. पायरी दिसली नाही त्यांना.

"तुमच्यासाठी माती थांबवलीय," भगवानराव म्हणाले. "निरोप कुठं धाडावा तेच कळंना. तुमच्या तिथल्या दुकानदाराचं नाव कुणालाच ठावं न्हाई."

"पिशवी जरा सांभाळून धरा," बन्सीधर म्हणाला.

त्याच्या तोंडून आधी तेच निघालं. भगवानरावांनी पिशवी छातीशी धरली. घर येईपर्यंत दोघंही खाली बघत चालले.

तेराव्यानंतर त्यानं दुकान उघडलं. दुकान स्टेशन रोडवर, रेडिओ दुरुस्तीचं. पण वाजवणाऱ्या मंडळींत त्याचं नाव होतं ते पिकअपसाठी. पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसणारी बोटभर पट्टी. आत चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारेची थरथर तो पकडतो आणि भोंग्यापर्यंत नेतो. बन्सीधरकडं जुन्या जपानी घडणीचा पिकअप मिळायचा. सांगून ठेवलं की पंधरा दिवसांनी हैदराबादहून यायचा. पिंगळीपासून वालूरपर्यंतच्या गाण्याच्या पार्ट्या तो इथूनच न्यायच्या.

पहिल्याच दिवशी नागनाथ आला. रेल्वेत फिटर, आणि भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवणारा. जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं त्या दिवशी मिरवणुकीत त्याची गिटार टेम्पोवरून पडून फुटली होती. दोन महिने खपून त्यानं सागाची नवी केली होती. तारा चढवलेल्या, आणि तारांखाली पिकअपपुरता खड्डा रिकामा. चौदा एप्रिलला तीन आठवडे उरले होते.

"मामींचं कळलं," नागनाथ म्हणाला. "ड्युटीवर होतो, मातीला येता आलं न्हाई मामा."

"असू दे. बस."

बन्सीधरनं तीन पिकअप मांडले. एक दिल्लीचा, एक मुंबईचा, आणि तिसरा हैदराबादहून पिशवीत आणलेला, वर्तमानपत्रातून सोडवलेला. नागनाथनं एकेक खड्ड्यात ठेवून तार छेडली. दिल्लीचा गुणगुणला. मुंबईच्याचा आवाज पत्र्यावर खडा पडल्यासारखा आला. तिसऱ्याला त्यानं बराच वेळ लावला.

"साफ हाय," तो म्हणाला. "पण गोड न्हाई. मामा, हैदराबादवाल्यानं गंडवलं तुमाला. हा जपानी न्हाई."

"जपानीच हाय."

"मग हे काय हाय?" नागनाथनं खिशातून फुटक्या गिटारचा जुना पिकअप काढला. सहा वर्षांपूर्वी त्यानं तो इथूनच नेला होता. "याची तार तुटली, न्हाईतर दुसरा मागायला आलो नसतो. मी म्हणायचं आणि यानं रडायचं. लोक माझ्याकडं बघायचेच न्हाईत, गिटारकडं बघायचे."

बन्सीधरनं पेचकसानं झाकण उचललं. आतल्या मेणाला काहीतरी चिकटलं होतं. नागनाथनं ते नखानं काढून तळहातावर घेतलं. ज्वारीचा दाणा होता.

"जपानात ज्वारी पिकायलीय का मामा?"

"गोदामात पडला असंल."

नागनाथ हसला. बन्सीधर झाकण पुसत राहिला.

तेवढ्यात भगवानरावांच्या पत्नी धुरपताबाई भाकरीचा डबा घेऊन आल्या. सुतकापासून डबा त्यांचाच होता. डबा ठेवून त्या घुटमळल्या.

"भावजी, कमलबाईंची शिलाई मशीन विकायला काढणार असाल तर आमच्या सुनंला सांगा."

"न्हाई काढायची."

"न्हाई तर न्हाई. रोज दुपारी घरघरायची, पण गल्लीत कुणाला एक झंपर शिवून दिला न्हाई बाईनं. मी म्हणायची, हवा शिवायलाव का काय? नुसत्या हसायच्या. डोळ्याच्या डॉक्टरनं बारीक काम बंद सांगितलं, तरी घरघर चालूच. तुमी कसं बोलला न्हाईत भावजी?"

बन्सीधरनं डब्याची कडी उगाच काढली, पुन्हा लावली. धुरपताबाई गेल्या.

नागनाथनं जुना पिकअप त्याच्या पुढ्यात सरकवला. "यातच नवी तार भरून आणा. पंधरा दिवस घ्या, चौदा तारखेच्या आत द्या. दुसरा मला नको. हा ज्यानं बनवला तो माणूस भेटला तर पाया पडीन मी."

बन्सीधरनं जुना पिकअप मुठीत घेतला.

"लय लांब हाय तो," तो म्हणाला.

"मग तुमीच पडा माझ्या वतीनं," नागनाथ म्हणाला आणि गिटार पाठीला लावून गेला.

दुपारी बन्सीधर दुकान बंद करून घरी आला. हैदराबादला तो बायको गेली त्याच खेपेला, जन्मात पहिल्यांदा गेला होता. जाताना बायकोला म्हणाला होता, आता तुला दिसत नाही, मशीन झाकून ठेव, मी विकतचा पिकअप आणतो. मशीन झाकलेलीच होती. त्यानं फडकं उचललं. बॉबिन भरायच्या चाकावर पिकअप बसवलेला होता, आणि त्यातून निघालेली केसासारखी तार रिळापर्यंत तशीच ताणलेली होती. शेजारी ताटली होती. शंभर वेढे झाले की बायको ताटलीत ज्वारीचा एक दाणा टाकायची, साठ दाण्यांना पिकअप पुरा व्हायचा. बन्सीधरनं दाणे बोटानं सारून मोजले. एकतीस होते. एकोणतीस टाकायचे राहिले होते.