दादरपासूनचा रस्ता

याकोबने चपला दाराबाहेर काढल्या. सावेडीतल्या त्या इंटरनेटच्या दुकानात चपला काढून येणारा तो एकटाच. सात वर्षांच्या लेकीला, प्रार्थनालाही, त्याने काढायला लावल्या. तिच्या अंगात नाताळचा फ्रॉक होता आणि त्याच्या हातात कपड्यांची पिशवी. तारीख कळली की शेवगावला परत न जाता इथूनच मुंबईची एसटी धरायची, असं तो ठरवूनच निघाला होता.

दुकानाचा मालक प्रवीण त्याला बघून उभाच राहिला. "अहो, होतात कुठं इतके दिवस?"

"घरीच. पोष्टमनची वाट बघत हुतो."

प्रवीणला काही कळेना.

"रोज इचारायचो," याकोब म्हणाला. "भिमाजी म्हनायचा, याकोब, तुझं काय बी न्हाई. मग म्हनलं, आपनच जाऊन यावं."

प्रार्थनाच्या हृदयाला भोक होतं. मुंबईच्या एका हॉस्पिटलात परदेशी डॉक्टर येणार होते, थोडेच दिवस, ऑपरेशन फुकट. नावं मात्र ई-मेलनेच घेणार होते. नाताळ झाल्या झाल्या याकोब इथे आला, तेव्हा प्रवीणने हौसेने सगळं केलं. इंग्रजीत पत्र लिहिलं, केसपेपर जोडले, हॉस्पिटलच्या साइटवरून दादरपासूनचा नकाशा काढून दिला. वहीत याकोबचा पत्ता उतरवून घेतला. "दोन-चार दिवसांत उत्तर येईल," असं सांगितलं. ते कुठे येईल, हे सांगायला हवं असं त्याला वाटलंच नाही. याकोबला ते विचारायला हवं असं वाटलं नाही. गवंडीकाम करणारा माणूस. आजवर त्याच्याकडे आलेलं प्रत्येक पत्र पोस्टमननेच आणलं होतं.

प्रवीणने खण उघडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलेला एक कागद बाहेर काढला.

"चार तारखेलाच आलं. तुम्ही याल म्हणून छापून ठेवलं."

"घेत्यात का तिला?"

"हो. नाव लागलं होतं तिचं."

याकोबचा चेहरा एवढा उजळला, की पुढचं बोलणं प्रवीणच्या जिवावर आलं.

"कवा बोलावलंय?"

"अकराला."

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे दोघांनीही एकदमच बघितलं. १९९९चं नवंकोरं कॅलेंडर. आज एकोणीस जानेवारी होती.

"मग ते डाक्टर?"

"सोळाला परत गेले."

"पुन्यांदा कवा येनार?"

"तसं काही लिहिलेलं नाही." प्रवीण घाईघाईने खुर्चीवर बसला. "थांबा, आत्ताच्या आत्ता परत मेल टाकतो." मोडेम किरकिरायला लागला. लाइन लागेना. त्याने पुन्हा लावून बघितली.

याकोब टेबलावरच्या वहीकडे बघत होता. मराठी त्याला वाचता येत होतं. मुक्काम, पोस्ट, तालुका, पिनकोड, सगळं सुवाच्य अक्षरात.

"ह्यो माझाच पत्ता न्हवं का?"

"हो."

"मंग एक कार्ड टाकायचं हुतं, मालक."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. प्रवीणचे हात बटणांवरच थांबले. नाक्यावरची पोस्टाची पेटी रोज येता-जाता त्याच्या डोळ्यांसमोर असायची.

प्रार्थना बाकावर बसली होती. तारखांकडे तिचं लक्ष नव्हतं. तिने पिशवीतून नकाशा काढला होता. घड्या पडून पडून तो फाटायला आला होता. रोज संध्याकाळी याकोब तिच्याकडून तो रस्ता म्हणून घ्यायचा, मुंबईत चुकामूक नको म्हणून.

"पप्पा, म्हणू? दादरला उतरायचं. मग पुलाखालून जायचं. मग डाव्या हाताला चर्च..." तिला धाप लागली. ओठ निळसर झाले. ती जरा थांबली.

"मंग?" याकोबच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"मग मोठं गेट."

"आन् मंग?"

"मग आपण आलोच," ती म्हणाली, आणि नकाशा पिशवीत ठेवून चपला घालायला दाराकडे निघाली.