चौथा तारा

बिल चुकतं केल्यावरच बेरिल टॅन्सलीनं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“मिस्टर प्यू, मी तपासनीस आहे. गेस्ट हाऊसना तारे देतात, त्या मंडळाची. दुसऱ्या नावानं उतरावं लागतं, तसा नियमच आहे.”

एम्रिस प्यूनं चष्मा लावून कार्ड वाचलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. कमरेला बायकोचा फुलाफुलांचा एप्रन. नाष्ट्याची अंडी त्यानंच केली होती, जरा जास्तच शिजलेली.

“म्हणजे तुम्ही मिसेस लेसी नव्हेतच.”

“नाही.”

“बरं.” कार्ड परत देताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

एकोणीस वर्षांत बेरिलनं या क्षणाला तऱ्हेतऱ्हेचे चेहरे पाहिले होते. कुणी घाईघाईनं आणखी कॉफी पुढे करायचं, कुणी रात्रीच्या गार पाण्याबद्दल दहादा माफी मागायचं. हा नुसता किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिन्याकडे वळला.

एकेक खोली त्यानं उघडली, एकेक खोट तिनं दाखवली. दिव्याच्या शेडवर धूळ. किटलीच्या तळाशी पांढरे थर. न्हाणीघरातल्या फरशांच्या सांध्यांत काळं. विरलेले टॉवेल. दर वेळी तो मान हलवायचा आणि पुढच्या दाराला किल्ली लावायचा.

“हे सगळं नेस्टा बघायची,” तिसऱ्या खोलीत तो म्हणाला.

“कधी गेल्या त्या?” बेरिलनं लिहिता लिहिता विचारलं.

“नोव्हेंबरात. काल सांगितलं होतं मी.”

बेरिलचं पेन थांबलं. सांगितलं होतं खरं. काल इथं बारमथ गावात दिवसभर समुद्रावरून पाऊस येत होता. घरात ती एकटीच पाहुणी. काहीतरी खाऊन यावं म्हणून ती कोट चढवत होती, तेवढ्यात त्यानं दार वाजवलं होतं. “काउल केलाय. मटणाचा रस्सा एका माणसापुरता करणं मला अजून जमत नाही. येता का खाली?” स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोघांनी भांडं संपवलं होतं. आपली फिरतीची नोकरी आहे, एवढंच तिनं सांगितलं. मग आजवर कुणाला न सांगितलेलं सांगून बसली. रोज नवी खोली असल्यामुळे शुक्रवारी स्वतःच्या घरी गेलं की दिव्याचं बटण सापडत नाही. अंधारात भलतीच भिंत चाचपत राहते. त्यावर तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. आणि तीही.

खोल्या बघून झाल्या. जिन्याच्या वरच्या पायरीशी एक खुर्ची होती, तिच्यावर तो बसला.

“आता सांगा. किती?”

“खोल्या, स्वच्छता आणि नाष्टा एवढंच पाहिलं तर तीन तारे. पण आतिथ्याचे मार्क वेगळे असतात. ते मी पूर्ण दिलेत. त्यांच्या जोरावर चार टिकतात. अगदी काठावर, पण टिकतात.”

“आतिथ्य म्हणजे काय?”

“कालची संध्याकाळ,” बेरिल म्हणाली.

त्यानं किल्ल्या मांडीवर ठेवल्या.

“काल तुम्ही हसलात, ते नोकरीपायी हसलात का?”

“नाही.” तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. “ते मी हसले.”

“मग खोडा ते मार्क.”

“मिस्टर प्यू, उन्हाळा तोंडावर आलाय. चौथा तारा गेला की यादीत लोक तुमच्यापर्यंत पोचतसुद्धा नाहीत.”

“ते मला शिकवू नका. बावीस वर्षं दारावर आहे तो तारा.” त्याचा सूर जरा चढला, मग खाली आला. “मी तपासनिसाला वाढलं नव्हतं, बाई. पाहुण्यालासुद्धा नाही. मला एकट्याला घास उतरत नव्हता. त्याचे कसले मार्क घेऊ मी?”

तिनं तो आकडा खोडला, नाष्ट्याच्या वेळच्या अदबीपुरता दुसरा लिहिला आणि कागद त्याच्यापुढे धरला. बेरीज आपोआप खाली आली होती. तीन.

“नेस्टानं मला घराबाहेर काढलं असतं,” तो म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला.

बेरिलनं निघायला हवं होतं. चाळीस मैलांवरच्या गावात मिसेस लेसीच्या नावानं पुढची खोली ठरलेली होती. तिनं बॅग उचलली. एम्रिस पाच नंबरच्या खोलीत शिरला होता. दुपारी लीड्सहून एक जोडपं यायचं होतं. त्यानं मोठ्या पलंगावर चादर झटकली, एक कोपरा खोचला, वळसा घालून दुसरा खोचला. पहिला निसटला. तो पुन्हा फिरून आला. आता दुसरा निसटला. त्याचं काही चिडणं नाही की पुटपुटणं नाही. रोजचं असल्यासारखा तो फिरत होता.

चादरीवरच्या सुरकुत्यांचे मार्क बेरिलनं हजारो वेळा कापले असतील. तिनं बॅग दाराशी ठेवली, खिडकीच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि समोरचं टोक धरलं. दोघांनी एकदमच ओढलं. चादर ताठ बसली.

“नेस्टा त्याच बाजूला उभी राहायची,” एम्रिस म्हणाला.

बेरिल बाजूला व्हायला गेली.

“राहा तिथंच,” तो म्हणाला. “अजून रजई घालायची आहे.”