वजनाच्या दिवशी

दार सोनियानं उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

मंदाकिनीबाई पायरीवरच उभ्या राहिल्या. रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमधून दोन ऑटो बदलून बीरगांवला आल्या होत्या, हातात डबा होता, आणि सुरुवात कोणत्या तोंडानं करायची तेच सुचत नव्हतं. सोनियाचा राग काही चुकीचा नव्हता. तिच्या नवऱ्याचं, अभिनवचं नाक परवाच मंदाकिनीबाईंच्या लेकानं, गौतमनं फोडलं होतं. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये फोडलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. त्यानं ते लढतीच्या आदल्या दिवशी, वजन करायच्या स्टेजवर, कॅमेऱ्यांसमोर फोडलं.

"माफी मागाले आली, बाई," त्या म्हणाल्या.

"माफी से नाक जुड़ेगी क्या, आंटी?" सोनियाला मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

आतून अभिनवचा आवाज आला. "काकू हायेत ना? येऊ दे त्याईले."

तो पलंगावर बसला होता. नाकावर ही एवढी पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. तशातही उठला आणि पाया पडला. मंदाकिनीबाईंना गलबलून आलं.

तशी या दोघांची तोंडं महिनाभर सुटलेलीच होती. गौतमच्या ठोशानं मच्छरही मरत नाही म्हणे. अभिनवला रिंगमध्ये नको, बालवाडीत पाठवा म्हणे. हे सगळं हिंदीत, माइकवर. आयोजक खूश, लोक खूश. या धंद्यात हे चालतंच. घंटा वाजेपर्यंत शिव्या, आणि लढत संपली की गळ्यात गळे. पण वजनाच्या दिवशी फोटोसाठी दोघं नाकाला नाक लावून उभे होते, तेव्हा अभिनव हळूच मराठीत बोलला.

"तुहा बाप तुही पहिली फाइट पाहाले आला, अन् पहिल्याच ठोशाले उठून पळाला. बाहेर पायरीवर रडत बसला होता."

गौतमच्या वडिलांना, हरिदासला जाऊन वर्षही झालं नव्हतं. गौतमचा हात सुटला. लढत जागच्या जागी रद्द झाली आणि गौतमवर वर्षभराची बंदी आली.

बोलला ते खरंच होतं, हे तर आणखी वाईट. लहानपणी दोघं एकाच क्लबात शिकायचे, आणि अभिनव तीन वर्षं गौतमच्याच घरी जेवायचा. त्या दिवशी पायरीवर हरिदासजवळ पाण्याचा ग्लास घेऊन तोच बसला होता. आता सगळी कॉलनी त्याला शिव्या घालत होती. काकूंच्या हातचं खाऊन मेलेल्या काकांवर बोलतो म्हणजे हद्द झाली!

मंदाकिनीबाईंना मात्र राग येत नव्हता. येणार कसा? दीड महिन्यापूर्वी समता कॉलनीतल्या इरावती डॉक्टरांनी गौतमचा डावा डोळा तपासून स्पष्ट सांगितलं होतं. आतला पडदा फाटला आहे. लेझर करा आणि वर्षभर डोक्यावर एकही ठोसा नको, नाहीतर डोळा गेला समजा. गौतमनं काय करावं? आईचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "कोणालेच सांगशील नाही. माही शपथ हाय तुले." लढतीआधीच्या तपासणीत तर बह्याड पोट्ट्यानं तक्त्यावरची अक्षरं पाठ करून म्हणून दाखवली. आणि ही माय रोज देवापुढं बसून रडायची, पण एकुलत्या एका लेकाची शपथ मोडायची हिंमत होत नव्हती.

आता लढतच नाही म्हटल्यावर गौतम लेझरला तयार झाला होता. गुरुवारची तारीखही मिळाली होती.

"गौतम कसा हाय?" अभिनवनं विचारलं.

"घरीच हाय. भिंतीले बुक्क्या मारून राहिला. गुरुवारी त्याचं एक काम हाय, ते होऊन जाईल आता." त्यांनी डबा पुढं केला. "गोळाभात हाय. चावाले त्रास नाही होणार."

अभिनवनं डबा मांडीवर घेतला. सहा महिने पहाटे चारला उठून धावला होता, आणि लढत त्याचीही गेली होती.

सोनिया जरा नरमली. "गलती इनकी भी है, आंटी. बाप पे नहीं जाना था. मुझे खुद शरम आई."

"हव," अभिनव खाली बघत म्हणाला. "चुकलंच माहं."

"तू नको म्हणू चुकलं!" मंदाकिनीबाई एकदम बोलून गेल्या. मग पदरानं डोळे पुसले. "माह्या लेकानं हात उचलला. चूक त्याची."

सोनियानं चहा केला. निघताना तिनं वाकून नमस्कारही केला, आणि ती कप विसळायला आत गेली. अभिनव काकूंना कोपऱ्यावर ऑटोपर्यंत सोडायला आला.

ऑटो थांबला. मंदाकिनीबाईंनी त्याच्यासमोर हात जोडले. "तुहे उपकार कसे फेडू रे बाप्पा?"

अभिनवनं त्यांचे हात खाली केले.

"कारण तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही," तो म्हणाला. "पण काकू, फोनवर तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, बापाचं बोल, तो एकच झापड मारन म्हणून? पोट्ट्यानं तर बुक्की ठेवून देली!"