पाच सेकंदांचा थांबा

// इथे पाच सेकंद थांबायचं. ही ओळ काढू नये.

प्रसूतिगृहाच्या वेबसाइटवर बाळंतिणीचा नंबर टाकला की बाळाचा फोटो दिसायचा. पण पान उघडायला रेंगाळतं, अशा तक्रारी होत्या. वेबसाइटचा कोड तपासताना नव्या प्रोग्रामर मुलीला ही ओळ सापडली.

"आधीच्या, निवृत्त झालेल्या प्रोग्रामर काकांची करामत," ती साहेबांना म्हणाली. "कारण मात्र लिहिलेलं नाही."

"मग उडव की!"

उडवली. पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडू लागलं. साहेबांनी खुशीत सगळ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी ती घरी असताना, परगावी त्याच प्रसूतिगृहात दाखल झालेल्या ताईचा मेसेज आला. मुलगी झाली! खाली बाळंतिणीचा नंबर. तिने तो टाकता टाकताच हाक मारली, "आई, बाबा, पळत या! बाळ दिसतंय!"

"आले, आले! हा मेला चष्मा कुठे गेला?"

"अगं, टॉवेल तरी गुंडाळू दे!" बाबा न्हाणीघरातून ओरडले.

दोघं धापा टाकत पोचली, तोवर तिने बाळाचं जावळ, नाक, मिटलेल्या मुठी सगळं बघून घेतलं होतं.

"एकटीनेच बघितलंस?" आईचा चेहरा उतरला. मग नजर फोटोवर गेली. "अगंबाई! नाक माझं आहे!"

"माझं आहे," टॉवेल सावरत बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओळ परत आपल्या जागी गेली, या वेळी कारणासकट.

// इथे पंधरा सेकंद थांबायचं. ही ओळ काढू नये. आजी चष्मा शोधतेय आणि आजोबा अंघोळीला गेलेत.