सहन कुणी करायचं?

"शास्त्र सांगतं, प्रीती सगळं सहन करते, मुली," पाळकसाहेब म्हणाले. "ख्रिस्तानंही सोसलं. घरी जा, शमुवेलसाठी प्रार्थना कर."

रिबेका मान खाली घालून बसली होती. शमुवेलनं, तिच्या नवऱ्यानं, पिरगळलेला तिचा हात गळ्यात बांधला होता. चर्चमधली उपासना संपल्यावर तिची समजूत घालायला थांबलेले मंडळीतले वडीलधारे माना डोलवत होते. शेजारी सासू, मार्थाबाई. आई लेकाचीच बाजू घेणार, असं सगळ्यांनी धरलंच होतं.

मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, ख्रिस्त क्रुसाकडे स्वतःहून गेला. हिला तुम्ही ढकलताय. क्रूस दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायचा आणि त्याला प्रीती म्हणायचं, हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"बाई, तो तुमचा एकुलता एक मुलगा आहे."

"म्हणूनच. सोसायचं असेल ते मी सोसेन, ही नाही." त्यांचा आवाज रागानं कापत होता. "घर माझं आहे. आज तो बाहेर पडेल. आणि आम्ही दोघी आता पोलीस ठाण्यात चाललोय. माझ्या लेकानं काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मीच सांगेन."

त्या रिबेकाला घेऊन निघाल्या. दाराशी आल्यावर रिबेका हळूच म्हणाली, "आई, राहू द्या. तुम्हाला फार जड जाईल."

"जाईल की," मार्थाबाई म्हणाल्या. एका हातानं सुनेला चपलेचा पट्टा लावता येत नव्हता. त्या खाली वाकल्या, आणि सगळ्यांच्या देखत तो त्यांनी लावून दिला.