तव्याच्या मधोमध

नाथाजीने तवा उत्कर्षा मॅडमच्या पुढ्यात ठेवला आणि त्यातल्या भोकात बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"बघा. शंभर मीटरवरनं, मधोमध. हत्याराला नावं ठेवायला जागाच न्हाई."

सहा दिवसांत निम्म्या गावाने त्या भोकात बोट घालून पाहिलं होतं. आता पाळी वनखात्याच्या अधिकाऱ्यांची होती. मॅडम सकाळपासून ओसरीवर जबाब लिहून घेत होत्या. बिबट्यावर झाडलेली गोळी चुकली कशी, एवढाच प्रश्न होता. दोष रायफलीचा निघाला तर गोळी झाडणारा नाथाजीचा पोरगा जयराज सुटणार होता. त्याचा निघाला तर परवाना जाणार, नाव जाणार आणि जखमी बिबट्याने मारलेल्या अर्जुनाचं मरण जन्मभर त्याच्या डोक्यावर बसणार.

जयराज खांबाला टेकून उभा होता. बापाने तवा पुढे केला तशी त्याने मान वळवली. नाथाजीला पोराचा राग आला. फौजेत बावीस वर्षं आरमोरर म्हणून हत्यारं दुरुस्त केलेल्या बापाने हत्यार लावून द्यावं आणि पोराने त्याची माती करावी, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. पोटच्या पोराविरुद्ध बोलावं लागतंय याचं वाईटही वाटत होतं. पण खरं ते खरं.

काम तर चोख झालं होतं. उसातल्या बिबट्याने दोन जीव घेतल्यावर गोळी घालायचा हुकूम आला आणि खात्याने उष्णता दाखवणारी दुर्बीण पाठवली. ती रायफलीवरच्या रोजच्या दुर्बिणीपुढे अडकवायची, म्हणजे अंधारातही जनावर दिसतं. फक्त पुढच्या दुर्बिणीतलं चित्र मागच्या दुर्बिणीतल्या नेमाच्या फुलीवर नेमकं बसायला हवं. शेळी बांधायला जाताना जयराज एवढंच सांगून गेला होता, की आबा, जे काय फिरवायचं ते पुढच्या दुर्बिणीत फिरवा, मागचीला हात लावू नका, ती मला दिवसा लागते.

नाथाजीने चुलीवर तवा तापवला आणि बांधावरच्या बाभळीला टांगला. तापलेला तवा त्या दुर्बिणीत पांढराफेक दिसतो. मागच्या दुर्बिणीची फुली तव्यावर धरून त्याने रायफल पोत्यात घट्ट बसवली आणि पुढची चढवली, तर तवा फुलीच्या वीतभर डावीकडे दिसला. पुढच्या दुर्बिणीतली इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी होती आणि चष्मा घरी राहिला होता. वाचायला कुणाला हाक मारावी, तर आरमोररची शान जाते. मग त्याने जन्मभर केलं तेच केलं. मागच्या दुर्बिणीवरचा फुली सरकवणारा गोल ड्रम अठरा क्लिक फिरवला आणि फुलीच तव्यावर नेली. गोळी झाडली, तवा ठणकला, भोक मधोमध पडलं. फौजेतल्या शिस्तीप्रमाणे त्याने घरी येताच सून क्रांतीचं नेलपॉलिश घेऊन ड्रमवरून बुडापर्यंत एक लाल रेघ ओढली. रेघ मोडलेली दिसली, की कुणीतरी हात लावला असं समजायचं.

बिबट्या रात्री आलाच नाही. चांगलं उजाडल्यावर आला. आता लख्ख दिसत होतं, म्हणून जयराजने पुढची दुर्बीण काढून ठेवली आणि नेम धरला. बिबट्याच्या खांद्यावर धरलेली गोळी पोटात बसली. चवताळलेलं जनावर उसात घुसलं आणि पलीकडच्या बांधावर थांबलेल्या अर्जुनावर पडलं. अर्जुना खात्याचा वनमजूर होता. जयराजनेच त्याला उचलून सांगलीच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. काल जयराज त्याच्या घरी भेटायला गेला, तर त्याच्या बायकोने, मनुबाईने, त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

मॅडमनी पेन उचललं आणि जयराजचं म्हणणं विचारलं.

"हत्यार बरोबर हुतं," जयराज म्हणाला. "माझाच हात हलला."

त्याने सही केली. नाथाजीला सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

रायफल जमा करायची होती. ती गुंडाळायचं काम नाथाजीने स्वतःकडे घेतलं. दुसऱ्याने गुंडाळलेलं त्याला पटलं नसतं. आज चष्मा डोळ्यांवर होता. दुर्बिणीवरून कापड ओढताना त्याचा हात थांबला.

लाल रेघ मोडली होती. अर्धी बुडाशी राहिली होती, अर्धी ड्रमबरोबर सरकली होती. त्याने ड्रमवरच्या बारीक खुणा नखाने मोजल्या. अठरा. ड्रम पुन्हा जयराजच्या जुन्या आकड्यावर येऊन बसला होता.

तव्याला गोळी मारली तेव्हा दोन्ही दुर्बिणी चढवलेल्या होत्या. बिबट्यावर झाडली तेव्हा मागची एकटीच होती, आणि तिची फुली त्याने स्वतःच्या हाताने वीतभर हलवून ठेवली होती. फौजेतल्या नव्या रंगरुटालाही हे कळलं असतं. पोराचा हात हललाच नव्हता. अर्जुना आपल्या अठरा क्लिकांनी मेला.

मॅडम कागद पिशवीत भरत होत्या. त्या रेघेतलं त्यांना काही कळलं नसतं. कापडाचा आणखी एक वेढा, वर सुतळीची गाठ, आणि सगळं मिटलं असतं. नाथाजीने हातातलं कापड खाली टाकलं.

"जयराज," मॅडमना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याने विचारलं, "मी फिरवलेला ड्रम तू माघारी कवा फिरवलास?"

मॅडमनी वर बघितलं.

"अर्जुनाला दवाखान्यात ठेवून आलो, त्याच दुपारी," जयराज म्हणाला. "तुमास्नीच पयलं सांगाय आलो हुतो, आबा. पर तुमी पारावर बसून माणसांस्नी तवा दाखवत हुता."